पान वाचून होतं पण डोक्यात काहीच राहत नाही, मुलगी म्हणते. काय करू?

उंबरठा

नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज शेवटी लिहितेय. माझी मुलगी १५ वर्षांची आहे. आठ-नऊ वर्षांची असताना इतकी वाचायची की रात्री तिच्या खोलीतला दिवा बंद करायला मला दोन-दोनदा उठावं लागायचं, पांघरुणात बॅटरी घेऊन वाचताना पण कितीदा सापडलीय. मग बारा-तेराव्या वर्षी कधीतरी ते थांबलं. नक्की कधी ते सांगता येत नाही, कारण भांडण नाही, रुसवा नाही, काहीच झालं नाही, पुस्तकं कपाटात गेली आणि हातात मोबाईल आला एवढंच.

मग मी जे सगळ्या आया करतात तेच केलं. ओरडले, मोबाईल काढून घेतला, वाढदिवसाला पुस्तकं दिली, अमक्याची मुलगी बघ किती वाचते असंही बोलले (ते बोलायला नको होतं, कळतंय आता). एकही पुस्तक दहा पानांच्या पुढे गेलं नाही. मी मनात पक्कं धरून बसले होते की हा आळस आहे.

गेल्या आठवड्यात ती आपणहून माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आई मी ट्राय करते गं, खरंच करते. पण पान संपतं आणि खाली आल्यावर कळतं की वर काय होतं ते आठवतच नाहीये. मग परत वरून सुरू करते. असं तीनदा झालं की मी ठेवून देते." सांगताना डोळे भरले होते तिचे. आणि मी दोन वर्षं तिला आळशी म्हणत होते.

त्याच रात्री मी स्वतः एक कादंबरी घेऊन बसले, कॉलेजात असताना दोन दिवसांत संपवलेली. तिसऱ्या पानावर माझा हात मोबाईलकडे गेला. मेसेज आलेला नव्हता, रिंग वाजलेली नव्हती, तरी हात गेला. म्हणजे हे फक्त तिचं नाहीये.

तर मला विचारायचंय ते हे. ही आवड गेलीय की वाचायची ताकद गेलीय? दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत ना? आणि गेलेली परत येते का? "आजकालच्या मुलांना काही नकोच असतं" असे रिप्लाय प्लीज नकोत, ते मीच खूप बोलून झालेय.

---

अर्धविराम

काकू, मी १९ वर्षांचा आहे म्हणजे तुमच्या मुलीच्या जवळपासचाच. ती आपणहून येऊन बोलली ही खूप मोठी गोष्ट आहे हे आधी सांगतो. मी माझ्या घरी कधीच बोललो नाही. मला वाटायचं माझ्याच डोक्यात काहीतरी बिघाड आहे, बाकी सगळ्यांना जमतंय आणि मलाच जमत नाही, मग मी सरळ "मला पुस्तकं आवडत नाहीत" असं सांगायला लागलो कारण ते सांगणं सोपं असतं. जमत नाही म्हणण्यापेक्षा आवडत नाही म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही.

दुसरं, आम्ही वाचत नाही हे मला पूर्ण मान्य नाही. दिवसभर वाचतच असतो. मेसेज, कॅप्शन, कमेंट, सबटायटल, गेममधल्या सूचना, आणि कथा पण. वॅटपॅड २००६ पासून आहे, तिथे माझ्या वयाची मुलं स्वतः कादंबऱ्या लिहितात आणि लाखोंनी वाचल्या जातात. मी एका कथेचे शंभरच्या वर भाग वाचलेत, रात्री जागून, रोज नवा भाग कधी येतो वाट बघत. तेव्हा मोठी माणसं आमच्यात पेशन्स नाही म्हणतात ना, तेव्हा वाईट वाटतं.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर फरक आहेच आणि तो मला नंतर कळला. तिथे प्रत्येक भाग छोटा असतो आणि शेवटी काहीतरी धक्का दिलेला असतो, म्हणजे पुढचा भाग तुम्हाला ओढूनच नेतो. पुस्तकात कधी कधी चाळीस पानं काहीच घडत नाही, माणसं नुसती राहत असतात, बोलत असतात, एखादी बाई खिडकीत उभी असते आणि लेखक तिच्याबद्दल दोन पानं सांगत असतो. ती चाळीस पानं थांबणं मला जमायचं नाही. आतून सारखं वाटायचं की पुढे काहीतरी भारी असेल, हे सरकव. आणि पुस्तक सरकत नाही.

एक विनंती, मोबाईल काढून घेऊन त्या जागी पुस्तक देऊ नका. माझ्याकडे तसं केलं होतं आणि अजूनही ते पुस्तक दिसलं की मला शिक्षाच आठवते.

---

निळी_शाई

ताई, तुम्ही आवड आणि ताकद वेगळं केलंत ना, तिथेच अर्धं उत्तर आहे. मी मानसशास्त्र शिकवते, वाचन हा माझा जवळचा विषय आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते, लांबेल, सांभाळून घ्या.

बोलणं मूल आपोआप शिकतं. वाचणं तसं नाही. लिपी येऊन जेमतेम पाच हजार वर्षं झाली, एवढ्या वेळात मेंदूत वाचनासाठी वेगळा भाग तयार होऊच शकत नाही. मग आपण वाचतो कशाने? स्टॅनिस्लास देआन या फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञाचं म्हणणं असं की चेहरे, वस्तू ओळखायला जो भाग होता त्यातलाच एक तुकडा आपण अक्षरांसाठी कामाला लावतो, आणि मग तो भाषेशी, आवाजाशी, अर्थाशी जोडून घेतो. प्रत्येक माणसाला ही जोडणी स्वतः नव्याने करावी लागते. आणि जी गोष्ट सरावाने बसते ती सराव सुटला की सैल पडते. पोहणं विसरत नाही माणूस, पण दहा वर्षांनी पाण्यात उतरलं तर दोन फेऱ्यांत दम लागतो. तुमच्या मुलीला दम लागतोय. अक्षरं ओळखता येतात, वाक्यं कळतात, पण ती धरून ठेवून पुढची जोडत जायचं बळ कमी झालंय.

हे का होतं तर आपण स्क्रीनवर वेगळ्या पद्धतीने वाचतो आणि दिवसातलं बहुतेक वाचन तिथेच होतं. जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये २३२ लोकांच्या डोळ्यांच्या हालचाली तपासल्या होत्या वेबपेज बघताना. लोक वरच्या एक-दोन ओळी आडव्या वाचतात आणि मग नजर डावीकडून सरळ खाली घसरते, उजवीकडचं बरंचसं न वाचताच. हे चूक नाही हं, पन्नास गोष्टींतून एक कामाची शोधायची असेल तर असंच वाचायला हवं. पण डोळ्यांना हीच एक चाल माहीत झाली की कादंबरीच्या पानावर पण ते तसेच घसरतात. तुमची मुलगी "खाली आल्यावर कळतं" म्हणाली ना, मला ते वाक्य वाचून अगदी हेच डोळ्यांसमोर आलं. ती खाली आली, पण शब्दांवरून चालत नाही आली, घसरत आली.

कागद आणि स्क्रीनची तुलना खूप झालीय. नॉर्वेत ॲन मांगेन आणि सहकाऱ्यांनी दहावीच्या ७२ मुलांना तेच मजकूर काहींना छापील आणि काहींना स्क्रीनवर दिले, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं ते. छापील वाचणाऱ्यांना जास्त समजलं. मग २०१८ मध्ये एक मोठा आढावा आला, २००० ते २०१७ मधले ५४ अभ्यास, १ लाख ७० हजारांहून जास्त वाचक. माहितीपर मजकुरात कागद पुढे, वेळेचं बंधन असेल तर अजून पुढे. नुसत्या गोष्टी-कथा वाचताना मात्र असा फरक दिसला नाही, म्हणजे अर्धविराम, तू फोनवर ज्या कथा वाचल्यास त्या वाया गेल्या असं कोणी म्हणत नाहीये. त्या आढाव्यातली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. वर्षं पुढे जातात तशी कागदाची आघाडी कमी व्हायला हवी होती ना, मुलं जन्मापासून स्क्रीन बघतायत म्हटल्यावर? ती वाढत गेलेली दिसली.

आणि परत येते का, तर हो. मेरियन वूल्फ म्हणून वाचनाच्या मेंदूवर आयुष्यभर काम केलेल्या संशोधक आहेत, त्यांनी स्वतःवर प्रयोग केला होता. तरुणपणी आवडलेली एक जड कादंबरी परत उघडली आणि त्यांना ती वाचताच येईना! वाक्यं लांब वाटायला लागली, चिडचिड व्हायला लागली. वाचनावर पुस्तकं लिहिलेल्या बाईंची ही गत. मग त्यांनी रोज २० मिनिटं ठरवली, जास्त नाही, आणि साधारण दोन आठवड्यांत जुनी लय परत आली असं त्यांनी लिहिलंय. आता हा एका माणसाचा अनुभव आहे, त्याला प्रयोगशाळेतला पुरावा म्हणता येणार नाही, पण मी माझ्या विद्यार्थ्यांना तोच सांगते, कारण त्यांना "आम्ही कायमचे बिघडलो" असं वाटत असतं आणि तसं नाहीये.

---

सरळरेषा

मला कळत नाहीये एवढं मनाला का लावून घ्यायचं. माझा मुलगा १६ वर्षांचा, पुस्तक हातात धरत नाही, पण व्हिडिओ बघून गिटार शिकला, इतिहासावर तासतासाच्या डॉक्युमेंटरी बघतो, माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे त्याला. माहिती मिळाल्याशी मतलब. माध्यमं बदलत राहणारच. सॉक्रेटिसला तर लिहिण्याचीच भीती वाटत होती, लोक लिहून ठेवायला लागले की स्मरणशक्ती जाईल म्हणून, प्लेटोने लिहून ठेवलंय ते. म्हणजे प्रत्येक पिढीला वाटतं पुढची बिघडली. आणि हल्ली ऑडिओबुक आहेत की, पुस्तक ऐकलं काय आणि वाचलं काय, शेवटी पुस्तकच ना ते. मला वाटतं आपण आपल्या लहानपणाच्या आठवणी मुलांवर लादतोय.

---

निळी_शाई

@सरळरेषा दादा, ऑडिओबुकचं तुमचं बरंचसं बरोबर आहे. २०१६ मध्ये ९१ प्रौढांवर एक प्रयोग झाला होता, एकाच पुस्तकाचा काही भाग काहींनी वाचला, काहींनी ऐकला, काहींनी दोन्ही एकदम केलं, आणि समजण्यात म्हणावा असा फरक आला नाही. पण तिथे वाचणारे सुद्धा स्क्रीनवरच वाचत होते हेही लक्षात घ्यायला हवं. गोष्ट ऐकायला ऑडिओबुक चांगलंच, थकलेल्या मुलाला तर फारच चांगलं. अडतं कुठे, तर अवघड मजकुरात. वाक्य कळलं नाही की वाचणारा आपोआप थांबतो, मागे जातो, परत वाचतो, डोकं वर करून विचार करतो. ऐकताना निवेदक पुढे निघून गेलेला असतो.

व्हिडिओवरून मुलगा शिकतोय ही आनंदाचीच गोष्ट आहे. फक्त शब्दांचं बघा. १९८८ मधला एक इंग्रजी भाषेचा अभ्यास आहे, कुठल्या माध्यमात किती दुर्मिळ शब्द भेटतात ते मोजलेलं. लहान मुलांच्या पुस्तकांत दर हजार शब्दांमागे साधारण ३१, आणि पदवीधर मोठ्या माणसांच्या गप्पांत साधारण १७. टीव्हीवरचे मोठ्यांचे कार्यक्रम मध्ये कुठेतरी, २३ च्या आसपास. म्हणजे शिकलेल्या दोन माणसांच्या बोलण्यापेक्षा मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकात शब्दसंपत्ती जास्त! मूल कितीही हुशार घरात वाढू दे, काही शब्द त्याला फक्त छापील पानावरच भेटतात. आणि शब्द कमी भेटले की पुढचं पुस्तक अजून अवघड वाटतं, म्हणून ते कमी वाचतं, म्हणून शब्द अजून कमी. हे चक्र दोन्ही बाजूंनी फिरतं, वाचणारा पुढे जात राहतो आणि न वाचणारा मागे पडत राहतो.

सॉक्रेटिसचं उदाहरण मला नेहमी दिलं जातं. तो पूर्ण चुकला होता का पण? लिहिणं आलं आणि हजारो ओळी पाठ म्हणणारी माणसं खरंच कमी झाली. त्याच्या बदल्यात आपल्याला खूप मोठं काहीतरी मिळालं, ते मान्यच. आता हातातून जे जातंय त्याच्या बदल्यात काय मिळतंय हे विचारायला नको का? मुलगा तासतासाची डॉक्युमेंटरी शांतपणे बघतो म्हणजे त्याचं लक्ष टिकतंय, तुम्ही नशीबवान आहात. ताईंच्या मुलीचं दुखणं वेगळं आहे, तिला हवंय आणि जमत नाहीये.

---

सरळरेषा

शब्दांचा मुद्दा मला माहीत नव्हता. पटला. माझ्या मुलाला मोठा उतारा वाचून त्यावर लिहायला सांगितलं की तो अडतो हे खरंय, मी ते अभ्यासाचा कंटाळा म्हणून सोडून देत होतो.

---

पुस्तकपेटी

मी एका शाळेच्या लायब्ररीत काम करते, १४ वर्षं झाली. उंबरठाताई, तुमचं "बारा-तेराव्या वर्षी कधीतरी थांबलं" हे वाक्य मी पालकांकडून इतक्या वेळा ऐकलंय की आता पालकाने तोंड उघडलं की मला वय आधीच कळतं.

आणि हे फक्त आपल्याच घरात नाही. अमेरिकेत १३ वर्षांच्या मुलांना बरीच वर्षं एकच प्रश्न विचारला जातो, स्वतःच्या आनंदासाठी जवळपास रोज वाचता का. १९८४ मध्ये ३५ टक्के मुलं हो म्हणाली होती, २०१२ मध्ये २७, आणि २०२३ मध्ये १४. नीट बघा, पहिल्या २८ वर्षांत ८ टक्के गेले आणि पुढच्या ११ वर्षांत १३. म्हणजे घसरण मोबाईलच्या आधीच सुरू होती, टीव्ही होता, क्लास होते, सगळं होतं, पण मोबाईल खिशात आल्यावर तिने वेग घेतला. ब्रिटनमध्ये ८ ते १८ वयाच्या मुलांना विचारतात की मोकळ्या वेळात वाचायला आवडतं का, तिथे २००५ मध्ये निम्म्याहून थोडी जास्त मुलं हो म्हणत होती आणि २०२५ मध्ये तिघांतलं एक. मी हे आकडे मुलांवर ओरडायला सांगत नाहीये. उलट एवढ्या देशांत एवढ्या मुलांचं एकदम होतंय म्हणजे तो एकेका मुलाचा आळस असूच शकत नाही, हे सांगायला सांगतेय.

आता मला जे रोज दिसतं ते. मूल लहान असतं तेव्हा त्याला वाचून दाखवणारं कोणीतरी असतं, पुस्तक म्हणजे कुशीत बसणं असतं. ते स्वतः वाचायला शिकलं की आपण वाचून दाखवणं बंद करतो, चला सुटलो. मग मोठ्या वर्गात गेल्यावर पुस्तक म्हणजे प्रश्नोत्तरं. लेखकाला काय म्हणायचंय, चार ओळींत लिहा. बरोबर त्याच वयात हातात फोन येतो, तो तर काहीच प्रश्न विचारत नाही, परीक्षा घेत नाही, हवं ते दाखवतो. पुस्तक हरणारच हो. मुलांनी पुस्तक सोडलं म्हणतो आपण, पण आधी पुस्तकातली मजा आपणच काढून घेतलेली असते हे मी स्वतः माझ्या लायब्ररीत करून बसलेय. सुरुवातीची तीन-चार वर्षं मी नियम केला होता, पुस्तक परत करताना सारांश लिहून आणायचा. मला वाटायचं किती चांगलं काम करतेय मी. एक मुलगी होती, आठवड्याला दोन पुस्तकं न्यायची, ती हळूहळू पातळ पुस्तकं न्यायला लागली, मग चित्रांची, मग यायची बंद झाली. खूप उशिरा माझ्या लक्षात आलं की तिला लिहायचं नव्हतं, तिला फक्त वाचायचं होतं. तो नियम मी काढून टाकला पण ती मुलगी परत आली नाही. अजून टोचतं मला ते.

डॅनियल पेनाक म्हणून फ्रेंच लेखक आहेत, स्वतः शिक्षक होते, त्यांनी १९९२ मध्ये वाचकाचे १० हक्क लिहिले होते. त्यातला पहिलाच हक्क न वाचण्याचा. मग पानं गाळण्याचा, पुस्तक अर्धवट सोडण्याचा, परत परत तेच वाचण्याचा, काहीही वाचण्याचा, मोठ्याने वाचण्याचा. मी ते मोठ्या अक्षरात लिहून दारावर लावलेत. आधी काही शिक्षक माझ्यावर नाराज झाले की हे काय, मुलांना अर्धवट सोडायला शिकवता. पण ज्या मुलाला सोडायची परवानगी असते ते दुसरं उचलतं, आणि ज्याला नसते ते पहिल्यावरच अडकून बसतं आणि वाचायचं सोडतं. आपल्याकडे रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यात प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक असं आहे. त्याचं पुस्तक. आईच्या आवडीचं नाही, यादीतलं नाही.

म्हणून ताई, वाढदिवसाला दिलेली पुस्तकं काही दिवस बाजूला ठेवा. तिला तिच्या लहानपणीचं, बॅटरी लावून वाचलेलं एखादं पुस्तक परत काढून द्या. "हे तर लहान मुलांचं" असं ती म्हणेल, म्हणू दे. ओळखीच्या गोष्टीत काय घडतंय ते लक्षात ठेवायचा भार नसतो, त्यामुळे डोळ्यांना पुन्हा ओळीवरून चालायची सवय होते. माझ्याकडे अशी परतलेली मुलं आहेत. आणि जमलं तर पहिली दोन पानं तुम्ही मोठ्याने वाचा, पंधरा वर्षांच्या मुलांना पण वाचून दाखवलेलं आवडतं, फक्त ती तसं मागत नाहीत.

---

अर्धविराम

मला जे उपयोगी पडलं ते सांगतो, कारण वर लिहिताना राहिलं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. सायलेंट करून शेजारी उलटा ठेवला तर चालत नाही, मी खूप महिने तसंच करत होतो आणि सगळं लक्ष त्या उलट्या फोनवरच असायचं. फोन नुसता टेबलावर असला तरी डोकं कमी चालतं असं दाखवणारा एक प्रयोग २०१७ मध्ये झाला होता, पुढे काहींना तसा परिणाम सापडला नाही म्हणतात, पण माझ्या बाबतीत शंभर टक्के खरं आहे. उठून दुसऱ्या खोलीत जायला लागलं की अर्ध्या वेळा मी जातच नाही.

आणि दुसरं, रीलला शेवट नसतो. हे असं अखंड खाली सरकत राहणारं पेज आझा रास्किन नावाच्या डिझायनरने २००६ मध्ये तयार केलं आणि नंतर त्यालाच त्याचा पश्चात्ताप झाला, त्याने तसं बोलून दाखवलंय. पूर्वी पेज संपायचं, पुढचं क्लिक करावं लागायचं, तेवढ्या वेळात माणूस "बास आता" म्हणू शकायचा. हे वाचल्यावर मला खरं सांगू का खूप हलकं वाटलं, की मी कमकुवत नाहीये, ही गोष्ट मुद्दाम अशी बनवलेली आहे. काकू, हे तुमच्या मुलीला नक्की सांगा. तिला कोणीतरी सांगायला हवंय की चूक तिची एकटीची नाही.

---

निळी_शाई

अर्धविरामने लिहिलंय त्याला एक जोडते. ग्लोरिया मार्क या संशोधक बरीच वर्षं मोजतायत की कॉम्प्युटरवर काम करणारा माणूस एका स्क्रीनवर किती वेळ थांबतो. २००४ मध्ये साधारण अडीच मिनिटं, २०१२ मध्ये ७५ सेकंद, अलीकडे ४७ सेकंद. ही मोठी, नोकरी करणारी माणसं आहेत. आपण ४७ सेकंदांत उडी मारणार आणि पंधरा वर्षांच्या मुलीने तासभर पुस्तक धरून बसावं म्हणणार. ताई, तुम्ही त्या रात्री स्वतः कादंबरी घेऊन बसलात ना, तेच चालू ठेवा. तिच्यासाठी म्हणून दाखवायला नको, तुमच्यासाठी. मुलांना दाखवण्यासाठी केलेलं लगेच कळतं.

सुरुवातीला वेळ मोजा, पानं मोजू नका. २० मिनिटं पण जास्त वाटली तर १०. आणि पान वाचून काही आठवलं नाही तर परत वरून सुरू करू नका असं तिला सांगा, तिथून पुढे जा. परत परत मागे जाण्यातच ती थकतेय. पुढे गेलं की गोष्ट स्वतः मागचं थोडंफार सांगते.

---

उंबरठा

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला. तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत की नुसतं थँक्यू म्हणून जायला नको वाटलं, काहीतरी करून मगच यायचं ठरवलं होतं.

अर्धविराम, तुझा रिप्लाय मी तिला वाचायला दिला. "मला आवडत नाही म्हणणं सोपं असतं" तिथे ती थांबली आणि म्हणाली, मी पण हेच करते. मग बराच वेळ काही बोलली नाही. ते पेज बनवणाऱ्याचं पण सांगितलं तिला, तर म्हणाली मग त्यांनी ते काढून का नाही टाकलं. मला उत्तर देता आलं नाही.

पुस्तकपेटीताई, तिचं नऊ वर्षांची असतानाचं पुस्तक माळ्यावरून काढलं, मागचं कव्हर सुटलेलं. "हे तर लहान मुलांचं" असंच म्हणाली, तुमच्या शब्दात शब्द. मी पहिली दोन पानं मोठ्याने वाचली, मला लाज वाटत होती, इतक्या वर्षांत वाचून दाखवलं नव्हतं. ती फोन बघत ऐकत होती, मी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी फोन खाली ठेवून ऐकत होती. पाचव्या दिवशी मला उशीर झाला तर तिने स्वतःच पुढचं वाचून ठेवलं होतं आणि मला म्हणाली तू राहिलेलं वाच आणि मला गाठ.

मग रोज रात्री आमची १५ मिनिटं, दोघींचे फोन बाहेर चार्जिंगला. सगळे दिवस जमलं असं नाही, मधले चार दिवस पूर्ण बुडाले आणि एक दिवस तिने चिडून पुस्तक फेकलं कारण परत तेच झालं, पान संपलं आणि काही आठवेना. मी सांगितलं पुढे जा. गेली. ते पुस्तक संपलं आणि आता तिने एक मोठं घेतलंय, तिच्या मैत्रिणीने सुचवलेलं, फोनवर व्हिडिओत कोणीतरी त्याबद्दल बोलत होतं म्हणे. मला विषय फारसा आवडलेला नाही पण गप्प आहे. आज १५ मिनिटं झाल्यावर मी दिवा बंद करायला उठले तर "थांब ना, हे एवढं प्रकरण" म्हणाली. मी परत खाली बसले.

मला स्वतःला मात्र अजून जड जातंय. माझी कादंबरी अजून साठाव्या पानावर आहे, कॉलेजात जी दोन दिवसांत संपवली होती तीच. हात अजून जातो मोबाईलकडे, तो तिथे नसला तरी.

एक विचारायचं होतं पुस्तकपेटीताई, हे मोठं पुस्तक संपलं की पुढचं मी शोधून ठेवू का? मध्ये गॅप पडला की सुटेल अशी भीती वाटतेय.

---

पुस्तकपेटी

शोधून ठेवू नका ताई. तिला लायब्ररीत घेऊन जा आणि तुम्ही दुसऱ्या कपाटापाशी उभ्या राहा. चार पुस्तकं उघडून तीन परत ठेवेल, तो वेळ तिला घेऊ दे. आणि ती परत बॅटरी शोधायला लागली तर इथे येऊन नक्की सांगा, मला कळायला हवंय.